डिग्री नसलेला पक्षीतज्ज्ञ

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी ही माझी घरात भांडायची भाषा, लिहायची नव्हे. त्यामुळे या लेखात जे व्याकरण बरोबर असेल ते माझ्या रूममेटचं, आणि जे चुकलं असेल ते माझं.

गेल्या वर्षी जुलैत रिझल्ट लागला आणि मला एम-थ्रीची केटी लागली. चार दिवस मी खोलीतून फारशी बाहेर पडले नाही. आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या मागे एक जुनी दगडखाण आहे. पावसात ती पाण्याने भरते, आणि तिच्या काठावरची एक वाकडी बाभूळ पाण्यावर झुकलेली आहे. माझ्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही. त्या बाभळीवर पिवळ्या डोक्याचे, चिमणीएवढे पक्षी गवताच्या लांब पात्या चोचीत धरून सारखे ये-जा करत होते. रूममेट जळगावकडची. ती म्हणाली की हे सुगरण पक्षी आणि हे त्यांचे खोपे. बहिणाबाईंची कविता माहीत नाही म्हणजे तू नक्की कुठल्या देशात शिकलीस, असंही तिने विचारलं.

मला कोडं पडलं ते वेगळंच. काही घरटी पूर्ण होती, खाली लांब नळी असलेली. काही मात्र अर्धवट, उलट्या टोपलीसारखी, मध्येच सोडून दिलेली. एवढी मेहनत करून अर्ध्यावर का सोडायचं? लायब्ररीतल्या काकांना विचारलं तर त्यांनी मागच्या कपाटातून धूळ झटकून एक पुस्तक काढून दिलं, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’. लेखक सलीम अली. हे नाव जनरल नॉलेजच्या गाइडमध्ये पाठ केलेलं होतं: बर्डमॅन ऑफ इंडिया, एक मार्क. त्यापलीकडे काही माहीत नव्हतं. मग पुढचे दोन महिने मिळेल ते वाचत गेले, आणि कळलं की मला पडलेला प्रश्न घेऊन हा माणूस १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला बसला होता. तेव्हा त्यांचं वय ३३, पदरी बायको, हातात नोकरी नाही, आणि युनिव्हर्सिटीची डिग्री तर कधीच नव्हती.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना गिरगावच्या खेतवाडीत वाढवलं. मामांना शिकारीचा शौक, त्यामुळे भाच्याच्या हातात लहानपणीच एअरगन आली. पक्ष्यांचा हा एवढा मोठा मित्र लहानपणी पक्षी मारत फिरायचा हे वाचून मला धक्काच बसला होता.

पण हा मुलगा नुसता मारत नव्हता, बघतही होता. घराच्या तबेल्यात भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहारा देत बसलेला. सलीमने बग्गीच्या आड लपून नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर! तोही टिपला, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर झाले. नऊ-दहा वर्षांच्या पोराने हे सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं, आणि जवळजवळ साठ वर्षांनी ती नोंद पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापली गेली. आपली प्रॅक्टिकलची जर्नल्स सबमिशननंतर कुठे जातात ते तुम्हाला माहीतच आहे.

सुट्टीत हे कुटुंब चेंबूरला जायचं. तेव्हा चेंबूर मुंबईबाहेरचं गाव होतं. झाडी, टेकड्या, रात्री कोल्हेकुई. पहाटे अर्धवट झोपेत ऐकलेलं दयाळ पक्ष्याचं गाणं सलीम अलींना म्हातारपणीही आठवत होतं. आता चेंबूरला चिमणी म्हटली की आपल्याला आरसीएफची आठवते.

मग ती प्रसिद्ध चिमणी आली. एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाल्लेली चालते का, असा साधा प्रश्न त्याला पडला. मामांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा फोर्टमध्ये अपोलो स्ट्रीटवर होती. मामांनी सोसायटीचे सेक्रेटरी मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. कागदाच्या पुडीत चिमणी घेऊन हा मुलगा घाबरत घाबरत तिथे गेला. मिलार्डसाहेबांनी ती रानचिमणी असल्याचं सांगितलं, आणि मग एकेक खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. एका गोऱ्या साहेबाने दहा-अकरा वर्षांच्या हिंदुस्थानी पोरासाठी त्या काळात एवढा वेळ काढला, हे मला त्या चिमणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. सलीम अलींचं पुढचं सगळं आयुष्य या संस्थेभोवती गेलं. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं १९८५ मध्ये, त्याच्या नावातही हीच चिमणी आहे: ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

अभ्यासात मात्र आनंदच होता. डोकेदुखीने हैराण, म्हणून मध्ये हवापालटासाठी सिंधला धाडलं. १९१३ साली कशीबशी मॅट्रिक. सेंट झेवियर्समध्ये पहिलं वर्ष गणिताने वगैरे असं काही पिळून काढलं की कॉलेज सोडून ते बर्मामधल्या तवॉयला निघून गेले. तिथे घरच्यांचा लाकडाचा आणि वुल्फ्रॅमच्या खाणीचा धंदा होता. वुल्फ्रॅम म्हणजे आपलं टंगस्टन, वर्कशॉपमधल्या एचएसएस टूलमध्ये असतं ते. पहिल्या महायुद्धात त्याला चांगली मागणी होती. पण मालकांचं लक्ष खाणीपेक्षा आजूबाजूच्या जंगलात जास्त.

१९१७ मध्ये परत आल्यावर डावर्स कॉलेजात कमर्शियल लॉ आणि अकाउंटन्सी सुरू केली, धंद्याच्या उपयोगी म्हणून. तेव्हा झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना ओळखलं आणि झूलॉजी शिकायला लावलं. सकाळी डावर्समध्ये जमाखर्च आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. (गंमत म्हणजे या ब्लॅटरनी आणि त्या मिलार्डनी मिळून पुढे भारतातल्या सुंदर झाडांवर एक पुस्तक लिहिलं. म्हणजे सलीम अलींना घडवणारे दोघेही झाडवाले.) डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. मग पुन्हा बर्मा, आणि शेवटी धंदा बुडाला.

इथून पुढचा भाग प्लेसमेंट सीझनला बसलेल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामध्ये जागा होती, पण डिग्री नाही म्हणून मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, नव्या निसर्गविभागात गाइड लेक्चररची नोकरी लागली. पगार महिना ३५० रुपये, त्या काळी चांगलाच. शाळेच्या पोरांना काचेमागचे प्राणी दाखवायचे. दोन वर्षांत कंटाळले. १९२८ मध्ये रजा घेऊन बर्लिनला गेले आणि तिथल्या म्युझियममध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचं स्थलांतर कसं शोधतात ते पाहिलं. १९३० मध्ये मोठ्या उमेदीने परत आले तर म्युझियममधली जागाच रद्द झालेली. कारण काय, तर फंड नाही.

मुंबईत राहणं परवडेना. किहीमला सासरकडचं छोटं घर होतं, तिथे दोघं गेले. मुंबईतून समुद्रापलीकडे दिसणारा तो किनारा. आता तिथे वीकएंडला सगळे जातात, तेव्हा नारळी-पोफळी आणि शांतता. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती, आणि आमच्या नायकाकडे वेळच वेळ. ते रोज तासन् तास त्या झाडापाशी बसू लागले. कुठला नर कुठल्या घरट्यावर, कुठली मादी कधी आली, सगळं टिपून ठेवलं.

त्यातून जे निघालं ते असं. आधी नर एकटाच विणायला सुरुवात करतो. साधारण अठरा दिवसांच्या या कामात आठेक दिवस ते घरटं हेल्मेटसारखं अर्धवट अवस्थेत असतं. तेव्हा माद्यांचा थवा इन्स्पेक्शनला येतो. सगळे नर पंख फडफडवून आपापला प्लॅन दाखवतात, अगदी प्रोजेक्ट प्रेझेंटेशनसारखं. एखादी मादी आत जाऊन बघते, पसंत पडलं तर ताबा घेते. त्यानंतरच नर अंड्यांची जागा बंद करून नळी जोडतो. पसंत पडलं नाही तर ते घरटं तसंच अर्धवट लटकत राहतं! आणि पुढची खरी गोष्ट अशी की, घर पूर्ण झालं, मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ त्याच झाडावर दुसरं घर सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरं. एका नराचे एकापाठोपाठ एक असे संसार असतात हे त्यांनी नोंदींच्या आधारावर दाखवून दिलं. १९३१ मध्ये हा पेपर सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि पक्षीशास्त्रात त्यांचं नाव झालं.

मी हे वाचून रूममेटला सांगितलं की सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी विणकाम सगळं पुरुषाचं आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नोकरी मात्र त्यानंतरही मिळाली नाही. मग त्यांनी स्वतःच एक काम काढलं. संस्थानांना कळवलं की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध पाहणी करून देतो, मला पगार नको, फक्त खर्च द्या. पहिलं हैदराबाद, तेव्हा मराठवाडाही त्यातच होता. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. बैलगाडी, तंबू, डाकबंगले, आणि बरोबर तेहमिना. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या, श्रीमंतीत वाढलेल्या, पण जंगलातले ते दिवस त्यांनी आवडीने काढले. सलीम अलींचं इंग्रजी इतकं साधं-सरळ झालं त्याचं श्रेय ते तेहमिनांना देत. १९३९ मध्ये एका लहानशा ऑपरेशननंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. वांद्र्याला पाली हिलवर बहीण कमू आणि मेव्हणे हसन अली यांच्या घरी राहिले आणि कामात बुडून गेले.

त्याच सुमारास मुंबईसाठी एक महत्त्वाचं काम झालं होतं. हुमायून अब्दुलअली यांच्याबरोबर त्यांनी मुंबई आणि साष्टी बेटातल्या पक्ष्यांची यादी केली आणि १९३६ ते १९३९ या काळात ती जर्नलमध्ये क्रमशः छापली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून वर ठाणे-भाईंदरपर्यंतचा सगळा पट्टा, आपल्या लोकलच्या नकाशातला निम्मा भाग. मोठ्या शहरातले पक्षीही मोजण्याच्या लायकीचे असतात हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असेल? आज कुणी विचारलं की या खाडीत, या डोंगरात पूर्वी काय होतं, तर सांगायला ती यादी आहे. त्याच पट्ट्यात आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, तुळशी आणि विहार तलाव पोटात घेऊन. चारही बाजूंनी इमारती आणि आत बिबटे. आपल्या जवळचं कर्नाळा अभयारण्य १९६८ चं, महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. आधी ते साडेचार चौरस किलोमीटरच होतं, २००३ मध्ये वाढवून बारा केलं. आपण तिथे दर वर्षी किल्ल्याच्या सुळक्यापाशी फोटो काढायला जातो आणि स्पीकर लावतो. मीही त्यात होते, दुसऱ्या कुणाला बोलत नाहीये.

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. चित्र बघा, पक्षी ओळखा, इतकं सोपं. २००२ मध्ये त्याची तेरावी आवृत्ती निघाली. आमच्या लायब्ररीतली त्याहून जुनी आहे, दोन चित्रं कुणीतरी ब्लेडने कापून नेलेली. १९४५ मध्ये ते कच्छच्या रणात गेले, फ्लेमिंगोंची वीण बघायला. चिखलाची लाखो घरटी असलेलं ते रोहित पक्ष्यांचं शहर. त्यांच्या मृत्यूनंतर, नव्वदच्या दशकापासून, हे पक्षी शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलात हजारोंनी उतरू लागले. २०१५ मध्ये ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ. ज्यांच्यासाठी हा माणूस उंटावर बसून रणात गेला, ते घराजवळ आले तेव्हा बघायला तो नव्हता. मला याची उगीचच हळहळ वाटते.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. सलीम अलींना मोटरसायकलींचं वेड होतं. तवॉयला पहिली एनएसयू, मग हार्ले-डेव्हिडसनची तीन मॉडेल्स, डग्लस, स्कॉट, सनबीम आणि आणखी काही. १९५० मध्ये स्वीडनला उप्साला इथे पक्षीशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. या ५३ वर्षांच्या गृहस्थांनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि युरोप त्या गाडीवरून पालथा घातला. फ्रान्समध्ये छोटा अपघात, जर्मनीतल्या दगडी रस्त्यांवर बऱ्याचदा आपटले. सामानाने लादलेल्या गाडीवरून परिषदेत पोचले तेव्हा तिथे बातमी पसरली की हे थेट भारतातून गाडी चालवत आलेत. बीएमडब्ल्यू कधी घेता आली नाही याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं.

स्वातंत्र्यानंतर नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होती. त्यांनी नेहरूंना लिहून मदत मिळवली. भरतपूरचं महाराजांचं शिकारीचं तळं अभयारण्य म्हणून टिकावं यासाठी ते झटले. वयाच्या ७२ व्या वर्षी, १९६८ मध्ये, डिलन रिप्ले यांच्याबरोबरच्या हँडबुकचा पहिला खंड आला आणि १९७४ पर्यंत दहाही खंड पूर्ण. भारत-पाकिस्तानातल्या पक्ष्यांवरचं ते आजही पायाभूत काम आहे. पद्मभूषण १९५८, पद्मविभूषण १९७६, १९८५ मध्ये राज्यसभा. डिग्री नसलेल्या या माणसाला तीन विद्यापीठांनी डॉक्टरेट दिली. गेटी पुरस्काराचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीत टाकले.

सायलेंट व्हॅलीबद्दल मात्र आमच्या हॉस्टेलमध्ये वाद झाला. केरळात कुंतीपुळा नदीवर वीजमंडळाला धरण बांधायचं होतं. सलीम अलींनी त्याला विरोध केला. प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित झालं. इलेक्ट्रिकलच्या एका मैत्रिणीचं म्हणणं, तिच्या गावात अजून रोज आठ तास लाइट नसते, तिला पक्षी सांगू नका. तिचं चूक आहे असं मला म्हणता आलं नाही. सलीम अली स्वतः काही भाबडे नव्हते. अभ्यासासाठी त्यांनी आयुष्यभर पक्षी मारून त्यांचे नमुने केले आणि शिकारीला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. किती आहे, कुठे आहे, किती गेलं हे आधी मोजा, मग ठरवा, अशी त्यांची पद्धत होती.

१९८७ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी गोव्यात, पणजीजवळ मांडवीतल्या चोडण बेटावरच्या खारफुटीला त्यांच्या नावाचं अभयारण्य झालं. रायबंदरहून फेरीबोटीने जाता येतं, गोवा ट्रिपमध्ये एक सकाळ काढलीत तर बघून होईल. एका वटवाघळाला त्यांचं नाव आहे, आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या हिमालयातल्या एका नव्या पक्ष्यालाही.

एम-थ्री मी सुटले, ४२ मार्क.

या वर्षी जूनमध्ये हॉस्टेलला परत आले तर बाभळीच्या खोडावर पांढरा पट्टा आणि १७ नंबर रंगवलेला. चौकशी केली तेव्हा कळलं, खाण बुजवून पार्किंग होणार आहे. पार्किंग हवंच आहे, पावसात गाड्या चिखलात रुततात हे मलाही दिसतं. आम्ही सहाजणींनी महिनाभर रोज सकाळी साडेसहा ते साडेसात खिडकीतून मोजलं, किहीमच्या पद्धतीने, पूर्ण आणि अर्धी वेगवेगळी. ३१ जुलैला एकूण घरटी २७, पैकी नळीसकट पूर्ण ११, हेल्मेट अवस्थेत १३, वाऱ्याने पडलेली ३. हा तक्ता जोडून अर्ज केला आहे की पिल्लं उडून जाईपर्यंत झाडाला हात लावू नये, आणि नंतरही पार्किंगचा नकाशा चार मीटर सरकवता आला तर बघावं. चार मीटर सरकवलेला नकाशा सिव्हिलच्या दोघींनी काढून दिलाय, जागा तेवढीच मिळते. अर्ज ऑफिसात आहे. हा लेख छापायला देईपर्यंत उत्तर आलेलं नाही, मोजणी चालू आहे. ज्यांना पहाटे उठवतं त्यांनी दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत यावं, दुर्बीण एकच आहे, ती आळीपाळीने मिळेल.